पाठांतर आणि विचार : एका जुवाखालची जोडी



शाळेच्या ओट्यावर पालक आणि गुरुजी बोलत उभे राहिले, की दोन तक्रारी हमखास कानांवर येतात. कुणी म्हणतो, "आमच्या पोराला कळतं सगळं, पण ध्यानात राहत नाही." दुसरा म्हणतो, "आमच्या पोरीचं पाठांतर पक्कं आहे, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते." जणू ध्यानात ठेवणे हे एक काम आणि विचार करणे हे निराळेच काम, एखाद्याला हे येते, एखाद्याला ते. ही समजूत जुनी आहे. तिने आपल्या शाळांना कधी या टोकाला, तर कधी त्या टोकाला नेले आहे. तो इतिहास आज थोडक्यात सांगावा आणि त्यातून गुरुजींच्या व आईबापांच्या हाती काय लागते ते पाहावे, असे योजले आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. स्मरण आणि विचार ही एका जुवाखालची बैलजोडी आहे. साधारण सहाव्या वर्षापासून बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत हे दोन्ही बैल बरोबरीने वाढतात आणि एकमेकांना ओढून नेतात. एकालाच जुंपले तर तास वाकडे जाते.

सुरुवात आपल्याच मुलखापासून करू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत इलाख्यातल्या गावठी शाळांची माहिती गोळा करण्यास सुरुवात झाली. या शाळा म्हणजे पंतोजींच्या शाळा. कुठे देवळाची ओवरी, कुठे एखाद्या सावकाराची पडवी. छापील पुस्तक नाही, कागद महाग. मुलाने धूळपाटीवर काडीने अक्षर गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. मोडी लिहायला-वाचायला शिकायचे, हिशेब शिकायचा आणि दिवस मावळताना सर्वांनी मिळून परवचा म्हणायचा. पंतोजींना मोबदला थोडा पैशांत, थोडा धान्यात. चुकलेल्याला छडी ठरलेली. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले यांना या पडवीत जागा नव्हती, हेही विसरून चालणार नाही. ते दार उघडायला १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मुलींची शाळा काढावी लागली.

त्या परवच्यात काय असे? साधे पाढे तर असतच. पण त्यांच्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. सात औट किती, असे विचारताच मुलाने साडेचोवीस म्हटले पाहिजे. आजच्या मुलाला हे ओझे वाटेल. परंतु त्या काळचा बाजार डोळ्यांसमोर आणा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. चार पावल्यांचा रुपया, चार पावशेरांचा शेर, चाळीस शेरांचा मण. जिकडे पाहावे तिकडे चाराचा हिशेब. म्हणून पाव, अर्धा, पाऊण ही माणसाची रोजची गरज. मुलगा संध्याकाळी पावकी म्हणे आणि सकाळी वाण्याच्या दुकानी तीच पावकी वजनाच्या मापात डोळ्यांनी पाही. पडवीतले पाठांतर आणि पेठेतला व्यवहार यांत पन्नास पावलांचे अंतर होते. पंतोजी अर्थ समजावून सांगत नसतील; पण अर्थ रस्त्यावरच उभा होता.

एल्फिन्स्टनने १८२४ साली शिक्षणावर एक टिपण लिहिले. शाळांची संख्या वाढवावी, शिकवण्याची पद्धत सुधारावी, पुस्तके पुरवावीत, असा त्याचा आग्रह होता. पुस्तके आली, नव्या सरकारी शाळा आल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर बेतण्याची रीत मुंबई इलाख्यात आली. आता तुम्हीच सांगा, साहेब तपासणीला येणार आणि मुलांनी उत्तरे दिली तर पैसे मिळणार, अशी वेळ आल्यावर मास्तर काय करतील? पुस्तकातला मजकूर मुलांच्या तोंडी बसवतील. तसेच झाले. घोकणे गेले नाही, फक्त त्याचा शेजार बदलला. पूर्वी त्याच्या शेजारी बाजार होता, आता परीक्षा बसली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली. शिकलेल्या गोष्टीला रोजच्या जगण्याचा आधार हवा, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

याच सुमारास युरोपात काही विद्वान स्मरणशक्ती मोजायला बसले होते. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने अर्थ नसलेली अक्षरे बनवली, स्वतःच पाठ केली आणि किती दिवसांत किती विसरतो याचा तक्ता मांडला. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत फार मोठा असतो आणि मग तो मंदावतो, हे त्याने दाखवले. अर्थ मुद्दाम काढून टाकून त्याने शुद्ध स्मरण पकडले. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठे काम झाले. परंतु शाळेतले मूल अर्थहीन अक्षरांचे गाठोडे घेऊन येत नाही. मुलाच्या स्मरणातून अर्थ वजा केला तर उरते काय, हा प्रश्न मागे राहिला.

अमेरिकेत आर्थर गेट्स याने १९१७ साली शाळकरी मुलांवर प्रयोग केले. धडा वाचत राहणे चांगले की पुस्तक मिटून, आठवून म्हणून पाहणे चांगले? निकाल स्पष्ट होता. वेळेचा बराच भाग पुस्तक मिटून आठवण्यात घालवणाऱ्या मुलांच्या लक्षात अधिक राहिले. म्हणजे आपल्या परवच्याला एका अर्थी शास्त्राचा शिक्का मिळाला म्हणायचा. पुस्तक समोर नसताना ओढून आठवणे हीच ती कसरत. अर्थहीन अक्षरांच्या बाबतीत या कसरतीचा फायदा जास्त दिसला, अर्थपूर्ण मजकुरात तितका नाही. कारण उघड आहे. अर्थ असला की तोच आधार देतो, दोराची गरज कमी पडते.

आता रशियात जाऊ. आपल्या विषयाचे मर्म तिथे हाती लागते. लेव्ह विगोट्स्की हा मानसशास्त्रज्ञ १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्याचा सहकारी अलेक्सेई लिओन्तिएव याने मुलांना शब्दांची यादी ऐकवली आणि सोबत चित्रांच्या पत्त्या दिल्या. शब्द ऐकला की त्याची आठवण देईल अशी एक पत्ती निवडून बाजूला ठेवायची. चित्र मात्र त्या शब्दाचे नसायचे. नाते मुलाने स्वतः जोडायचे. शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांना पत्त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. शाळकरी वयाच्या मुलांचे स्मरण मात्र पत्त्या हाती येताच झपाट्याने वाढले. मोठ्या माणसांना पत्त्या दिल्या काय, न दिल्या काय, फरक थोडा. कारण ती माणसे अशा खुणा मनातल्या मनात करतात.

या प्रयोगांतले एक उदाहरण मोठे गोड आहे. शब्द होता 'नाटकगृह'. मुलाने पत्ती उचलली समुद्रकाठच्या खेकड्याची. का? तर खेकडा पाण्याच्या तळाशी बसून रंगीत दगड पाहतो, तेच त्याचे नाटक! आता मला सांगा, हे स्मरण झाले की विचार? मुलाने लक्षात ठेवण्यासाठी विचार केला, आणि त्या विचाराला धरून शब्द परत ओढून आणला. विगोट्स्कीने यावरून जो निष्कर्ष काढला त्याचा भाव असा : लहान मुलाच्या बाबतीत विचार करणे म्हणजे आठवणे, मोठ्या मुलाच्या बाबतीत आठवणे म्हणजे विचार करणे. पाच वर्षांच्या पोराला 'गाय म्हणजे काय' विचारा. तो आपल्या गोठ्यातली कपिला सांगेल, ती कशी मारकी आहे तेही सांगेल. बारा वर्षांचा मुलगा सांगेल, दूध देणारा पाळीव प्राणी. पहिला आठवणीतून विचार काढतो, दुसरा विचारातून आठवण काढतो. या दोहोंच्या मधली सहा-सात वर्षे म्हणजे आपली प्राथमिक शाळा. केवढी जबाबदारीची जागा आहे ही!

हा बदल मध्येच कसा होतो, याचे एक चित्र १९६६ साली अमेरिकेत जॉन फ्लॅवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टिपले. मुलांना काही चित्रे दाखवायची, त्यांतली काही क्रमाने बोटाने दाखवायची, मग थोडा वेळ थांबून मुलाने तोच क्रम सांगायचा. थांबण्याच्या वेळात मुलाच्या डोक्यावर अंतराळवीराचे खेळण्यातले शिरस्त्राण असे. त्याची झडप खाली ओढली की मुलाला चित्रे दिसत नसत, पण त्याचे ओठ बघणाऱ्याला दिसत. कोण मनातल्या मनात पुटपुटतो? पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी अवघी दोन पुटपुटत होती. सात वर्षांच्या विसांपैकी बारा, आणि दहा वर्षांच्या विसांपैकी सतरा. घोकणे हे जन्मजात नाही, श्रोतेहो! 'हे विसरेन, तेव्हा पुन्हा म्हणून ठेवावे', हा शहाणपणाचा विचार आधी यावा लागतो.

पुढल्याच वर्षी त्यांनी न पुटपुटणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांना पुटपुटायला शिकवले. लगेच त्यांची आठवण इतरांच्या बरोबरीला आली. पण 'आता तुला हवे तसे कर' असे म्हणताच निम्म्याहून अधिक मुलांनी ती युक्ती सोडून दिली. पहिली-दुसरीच्या गुरुजींनी आणि बाईंनी हे मनाशी धरावे. लहान मूल युक्ती शिकते, पण तिची किंमत त्याला अजून कळलेली नसते. म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही. रोज आठवण करून द्यावी, हाच मार्ग.

जिनिव्हाच्या झाँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी १९६८ साली आणखी एक नवल मांडले. लहानापासून मोठीपर्यंत रांगेत लावलेल्या दहा काठ्या त्यांनी मुलांना दाखवल्या. आठवड्याने चित्र काढायला सांगितले. ज्यांना चढता क्रम अजून कळला नव्हता, त्या लहान मुलांनी सगळ्या काठ्या सारख्या काढल्या, किंवा एक मोठी एक लहान अशा काढल्या. सहा-आठ महिन्यांनी काठ्या पुन्हा न दाखवता त्याच मुलांना पुन्हा चित्र काढायला लावले, तर बऱ्याच जणांचे चित्र आधीपेक्षा चांगले आले! दिवस गेले तशी आठवण पुसट व्हायला हवी होती. पण मधल्या काळात मुलांची समज वाढली आणि तिने जुनी आठवण दुरुस्त केली. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा निकाल इतके ठाम आले नाहीत. तरी मुद्दा राहतोच. आठवण ही कोठारात ठेवलेली ज्वारी नव्हे, की ठेवली तेवढीच निघाली. मूल जेवढे समजते त्या साच्यात ते आठवते.

मग उलट दिशेने काय? आठवण विचाराला मदत करते का? करते, आणि भरपूर करते. एक साधा हिशेब घेऊ. डाळिंबाच्या सहा ओळी, एका ओळीत आठ रोपे, एका रोपाला पाच लिटर पाणी. तर एकूण पाणी किती? ज्याला सहा आठे अठ्ठेचाळीस पाठ आहे तो थेट पुढे जातो, पाचाने गुणतो, दोनशे चाळीस लिटर म्हणतो. ज्याला पाठ नाही तो आठ आणि आठ सोळा, आणखी आठ चोवीस, असे बोटांवर मोजत बसतो आणि अठ्ठेचाळीसपर्यंत पोचता पोचता विचारले काय होते तेच विसरतो. माणसाचे मन एका वेळी थोड्याच गोष्टी हातात धरू शकते आणि मुलाची ओंजळ तर आणखी लहान. पाढा पाठ असला की ओंजळ रिकामी राहते, तिच्यात विचाराला जागा होते. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा सुमारे वर्षाच्या अंतराने घेतल्या. बोटे मोजणे सोडून आठवणीतून उत्तर काढण्याकडे मुले वळली, तसतसा मेंदूतला नवी आठवण बसवणारा भाग अधिक काम करू लागल्याचे त्यांना दिसले.

आणि ज्या विषयात मुलाला गती, त्यात त्याची स्मृती मोठ्यांनाही मागे टाकते. मिशेलिन ची या संशोधिकेने १९७८ साली बुद्धिबळ खेळणारी दहा वर्षांच्या सुमाराची मुले आणि तो खेळ फारसा न येणारी मोठी माणसे यांना पटावरच्या मोहऱ्यांची मांडणी दाखवली. मुलांनी ती मोठ्यांपेक्षा चांगली लक्षात ठेवली. आकडे लक्षात ठेवण्यात मात्र मोठी माणसेच पुढे होती. बुद्धिबळ कशाला, गुरे राखणाऱ्या पोराला विचारा. कळपातली प्रत्येक गाय, तिचे वासरू, तिची खोड तो सांगेल. 'याच्या ध्यानात काही राहत नाही' असे आपण म्हणतो ना, तेव्हा खरे तर 'मी सांगितलेले राहत नाही' एवढेच म्हणायला हवे.

हे मर्म महाराष्ट्रात दोन बायांनी कामातून दाखवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात गेली. गुरे चारणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली. आदिवासी पाड्यांतल्या मुलांना पाने, बिया, खडे, शंख-शिंपले यांतून मोजणे आणि ओळखणे शिकवले गेले. जे मुलाच्या ध्यानात आधीच होते, त्यालाच नवे ज्ञान बांधले. विचारासाठी दुसरा भक्कम खुंटा कुठून आणायचा?

मात्र खुंट्याला बांधल्यावर पुढे सोडावेही लागते, हे आपल्या काळातल्या एका अभ्यासाने जाणवून दिले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोलकाता आणि दिल्ली इथल्या बाजारात विक्री करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचे गणित तपासले गेले. भाजीचे वजन, भाव आणि सुटे पैसे यांचा अवघड हिशेब ही मुले तोंडी करत. पण तशीच गणिते शाळेच्या रीतीने कागदावर मांडून दिली की बहुतेक अडखळत. उलट ज्यांनी बाजारात काम केले नव्हते ती शाळकरी मुले कागदावर बरी, पण व्यवहाराच्या हिशेबात कच्ची. पंतोजींची पडवी आणि पेठ यांमधले ते पन्नास पावलांचे अंतर आता कोसभर झाले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ दशमान वजने-मापे आली, आणि पावकी-औटकीचा व्यवहारातला आधार सुटला. ती म्हणणे बंद झाले यात नवल नाही. पण तिच्या जागी नव्या व्यवहाराला जुळणारे तोंडी गणित आपण पुरेसे उभे केले नाही, ही खरी हानी.

मग करायचे काय? घरात आणि वर्गात करण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पाढे जरूर पाठ करून घ्या. 'आता यंत्र आहे, पाढे कशाला' असे म्हणू नका. पण पाढा म्हणून झाला की त्याच दिवशी त्याला काम द्या. बाराचा पाढा झाला तर डझनभर केळी, वर्षाचे महिने, बारा फुटांचे वासे मोजायला लावा. सात बारे विसरला तर सहा बारे बहात्तरवरून पुढे कसे जायचे, ते विचारा. विसरलेले पुन्हा बांधता येणे, हीच समजल्याची खूण.

धडा झाला की पुस्तक मिटून मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. विसरणे पहिल्या तासांत भराभर होते, म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. आईला अक्षरओळख नसली तरी 'आज काय शिकलास, मला सांग बाळा', एवढे ती विचारू शकते. मुलगा आईला समजावू लागला की त्याला स्वतःलाही समजू लागते.

लक्षात ठेवण्याची रीत शिकवा. पंधरा नावे एका दमात घोकण्यापेक्षा त्यांचे गट करा. पिके असतील तर खरिपाची निराळी, रब्बीची निराळी. नद्या असतील तर पूर्वेला वाहणाऱ्या एका बाजूला, पश्चिमेला वाहणाऱ्या दुसऱ्या बाजूला. गट पाडताना विचार होतो आणि गट पाडल्यावर स्मरण टिकते. लहान वर्गात ही रीत दहादा दाखवावी लागेल. दाखवा.

आणि चौथी गोष्ट, मुलाला 'मंद' म्हणण्याआधी त्याला ठाऊक असलेल्या विषयावर बोलते करा. त्या बोलण्यात तुम्हाला त्याची स्मृतीही दिसेल आणि विचारही. तिथूनच पुढची वाट सुरू होते.

पंतोजींकडे पाठांतर होते, त्याला बाजाराने अर्थ दिला. आपल्याकडे पुस्तके आहेत, चित्रे आहेत, शास्त्र आहे. तो अर्थ आता आपल्यालाच द्यावा लागेल. जे मूल आठवताना विचार करते आणि विचार करताना आठवते, ते परीक्षेत तर निभावेलच, पण उद्या बँकेचा कागद, खताची पिशवी आणि निवडणुकीतले भाषण हेही नीट वाचेल. शाळा असते ती त्यासाठीच.